घोडा दिसला की गाडी कशी चालवावी

शिळफाट्यापासून तळोज्यापर्यंतच्या पट्ट्यात गोदामं उभी राहिली, कंटेनर आणि डंपरची रीघ लागली. तरी दहिसर मोरी, पिंपरी, उत्तरशिव, वाकलण या गावांच्या आतल्या रस्त्यांवर घोडे अजून आहेत. लग्नाला घोडी देणारी घरं आहेत, हौसेनं घोडा पाळणारे आहेत, सुट्टीच्या दिवशी मुलांना घोडेस्वारी शिकवणारे तबेले आहेत. त्यातल्याच एका तबेल्यात मी शिकवते. वडील कल्याणला टांगा चालवायचे, त्यामुळे लगाम लहानपणीच हातात आला. तबेल्याचा कडबा आणि भुसा आणायचा टेम्पोही मीच चालवते. एकच रस्ता खोगिरावरून कसा दिसतो आणि स्टिअरिंगमागून कसा दिसतो, हे दोन्ही मला रोज कळतं, म्हणून हे लिहितेय.

मुद्दाम घोड्याला त्रास देणारा ड्रायव्हर क्वचित भेटतो. बहुतेकांना मनापासून वाटतं की हॉर्न दिला, ब्रेकवर जरा पाय ठेवला, झालं. पण घोड्याला हवा असतो वेळ. कोण आलंय, किती जवळ आलंय, आपल्याला काही करणार आहे का, हे ठरवायला त्याला थोडे क्षण लागतात. ते मिळाले तर तो डंपरलाही वाट देतो.

आमच्या तबेल्याच्या भिंतीपलीकडे गोदाम आहे. दिवसभर तिथे कंटेनर रिव्हर्स घेतात, टीं-टीं चालू असते, पत्रे आपटतात. आमची चंद्री त्या भिंतीला पाठ लावून निवांत चारा खाते. तीच चंद्री मागून गुपचूप आलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरला बिचकून एका उडीत रस्त्याच्या मधोमध जाते. आवाजाची घोड्याला सवय होते, अचानकपणाची कधीच होत नाही. पुढे जे सांगतेय ते सगळं याच गोष्टीवर उभं आहे.

घोड्याला रस्ता कसा दिसतो

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच: कपाळासमोरचा अगदी जवळचा तुकडा आणि शेपटीमागची सरळ पट्टी. मागून येणारी आपली गाडी नेमकी त्या पट्टीत असते. तिथून ती एकदम बाजूला सरकून त्याच्या डोळ्याच्या टप्प्यात आली, की घोड्याच्या दृष्टीनं ती जमिनीतून उगवलेली असते.

हालचाल तो चटकन टिपतो, पण बारकावे त्याला आपल्याइतके स्पष्ट दिसत नाहीत. कुंपणाला अडकलेली प्लास्टिकची पिशवी फडफडली की ती पिशवी आहे हे त्याला कळायला वेळ लागतो. कानांचं म्हणाल तर माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला ३३ किलोहर्ट्झच्या आसपासचाही येतो. झिजलेल्या ब्रेकची किंचाळी, बसच्या एअर ब्रेकचा फुस्सकन सुटणारा आवाज, हे आपल्याला नुसते नकोसे वाटतात. त्याला ते फार तीक्ष्ण लागतात.

आणखी एक गोष्ट गाडीवाल्यांना सहसा माहीत नसते. उन्हातून सावलीत गेल्यावर घोड्याच्या डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. उड्डाणपुलाखाली शिरताना किंवा येऊरच्या रस्त्यावर दाट झाडीखाली जाताना घोडा मध्येच थबकला, तर तो हट्ट करत नसतो. त्याला पुढचं काही दिसत नसतं. अशा वेळी मागून हॉर्न वाजला तर बिचारा कुठे उडी मारेल, सांगता येत नाही.

उडी मारतो तो शक्यतो आडवी. चारशे किलोंचं जनावर, पायांना लोखंडी नाल, खाली काँक्रीट. नाल काँक्रीटवर घसरते, ओल्या काँक्रीटवर तर साबणावर घसरावी तशी. म्हणजे घोडा बिचकला की धोका फक्त स्वाराला नसतो. तो तुमच्या बॉनेटवरही येऊ शकतो.

कानांकडे बघा

एवढा एकच भाग लक्षात राहिला तरी मला पुष्कळ झालं.

मागून घोड्याजवळ येताना नजर घोड्याच्या कानांवर ठेवा. घोड्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात, थेट मागेपर्यंत. आपल्याकडचे बरेच घोडे मारवाडी किंवा काठियावाडी रक्ताचे असतात. त्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली असतात, त्यामुळे एक कान जरा जरी हलला तरी मागून स्पष्ट दिसतो.

घोडा चालत असताना कान साधारण पुढे असतात. तुम्ही तीस-चाळीस मीटरवर येऊन वेग उतरवलात की एक कान, बहुतेक तुमच्या बाजूचा, मागे वळतो आणि त्याची पोकळ बाजू तुमच्याकडे होते. घोड्यानं तुमची दखल घेतली. आता तिथेच त्याच्या चालीनं रेंगाळा. दोन-चार श्वासांत कान परत पुढे गेला, पावलांची लय तीच राहिली, मान खालीच राहिली, तर तुमच्यापासून धोका नाही हे त्यानं ठरवलं. आता बाजूनं निघा. कान वळलाच नसेल, तर त्याच्या लेखी तुम्ही अजून आलेलाच नाहीत. तशा अवस्थेत बाजूला घुसू नका.

दोन्ही कान एकाच दिशेला ताठ, मान वर, पावलं आखूड, नाकातून फुरफुर असं दिसलं तर घोड्याचं लक्ष दुसऱ्याच कशावर तरी आहे: कुत्रा, ताडपत्री, कडेला वेल्डिंगच्या ठिणग्या. त्याचं ते निस्तरेपर्यंत मागेच थांबा, कारण तुमची गाडी त्याच्यासाठी दुसरं संकट ठरेल. डोळ्यातलं पांढरं दिसू लागलं आणि घोडा आडवा नाचू लागला, तर पूर्ण थांबा. कान मानेला चपटे चिकटले असतील तर तो चिडलेला आहे. त्याच्या मागच्या पायांच्या टप्प्यात जाऊ नका. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली तर तो घोडा लाथ मारतो. ही खूण घोडेस्वारांत सगळीकडे चालते, आम्हीही वापरतो.

मागून पुढे जाताना

ताशी ४० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर कापते. घोडा दिसल्यावर जवळ येऊन ब्रेक दाबायचा ठरवलात तर त्याला द्यायचा वेळ तुमच्या हातात उरतच नाही. दिसला तिथेच पाय उचला. टेम्पो, ट्रक असेल तर लांबच खालच्या गिअरमध्ये या, म्हणजे जवळ गेल्यावर इंजिन भुंकणार नाही.

ब्रिटनमध्ये गावाकडच्या रस्त्यांवर घोडेस्वार भरपूर असतात. तिथल्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ मध्ये स्पष्ट आकडा घातला: घोड्याला ओलांडताना वेग ताशी १० मैलांच्या आत, म्हणजे सुमारे १६ किलोमीटर, आणि मध्ये किमान २ मीटर अंतर. वेगाचं मी जसंच्या तसं घ्या म्हणेन. अंतराचं आपल्याकडे गणित करून बघा. गावातला एकेरी डांबरी रस्ता ३.७५ मीटर रुंद. स्वारासकट घोड्याला एक मीटर लागतो, मध्यम कारला पावणेदोन. उरला एक मीटर. बाजूला गटार नाही तर रेतीचा ढीग. म्हणजे अशा रस्त्यावर चालत्या घोड्याला ओलांडायची जागाच नसते. मागे राहा. स्वार स्वतःच पुढच्या गेटापाशी, शेताच्या वाटेवर किंवा रुंद जागेत घोडा आत घेईल आणि हातानं बोलावेल. त्यात मिनीट जाईल, फार तर दोन.

हॉर्न देऊ नका, लांबूनही नको. तुम्ही मागे आहात हे स्वाराला बहुधा तुमच्या आधी कळलेलं असतं; घोड्याचा कान त्याला सांगतो. फारच गरज वाटली तर काच खाली करून बोला. 'ताई, मागून येतोय', 'दादा, जाऊ का पुढे?' माणसाचा साधा आवाज घोड्याला ओळखीचा असतो, त्यानं तो उलट शांत होतो. गाणी मात्र बारीक करा.

ओलांडून झाल्यावर लगेच वेग वाढवू नका. पुढचा विजेचा खांब येईपर्यंत तसेच जा. घोड्याच्या नाकासमोर सायलेन्सरचा फटका आणि उडालेली खडी, यानं आधीची सगळी काळजी वाया जाते.

समोरून येताना

अरुंद रस्ता असेल तर थांबा आणि घोड्याला जाऊ द्या. दिवसा लाइट बंद, संध्याकाळी डिपर खाली. इंजिन चालू असेल तर चालूच राहू दे, बंद केलंत तर बंदच ठेवा. घोडा शेजारून जात असताना स्टार्टर मारणं सगळ्यात वाईट, विशेषतः डिझेल गाडीला. बस आणि ट्रकवाल्या दादांना माझी खास विनंती आहे: घोडा तुमच्या मागच्या चाकाच्याही मागे जाईपर्यंत ब्रेक सोडू नका. तो फुस्स आवाज त्याच्या पोटाच्या उंचीवर, हातभर अंतरावर सुटतो. क्लीनर सोबत असेल तर त्याला दार आपटू नको म्हणावं, आणि खाली उतरून हातवारे करून 'चला चला' तर अजिबात नको.

दुचाकी, सायकल आणि चालणारे

रविवारी सकाळी उपवनकडून येऊर चढणाऱ्या सायकली बघून मला खूप बरं वाटतं. पण घोड्यासाठी सायकल कारपेक्षा अवघड असते, कारण ती आवाज न करता येते आणि उतारावर कारइतक्याच वेगानं येते. घंटीपेक्षा तोंड वापरा. लांबूनच 'राम राम', 'मागून सायकल' असं म्हणा आणि स्वारानं मान हलवेपर्यंत पायडल थांबवा. ग्रुप असेल तर सगळे एकत्र एका बाजूनं जा. निम्मे डावीकडून, निम्मे उजवीकडून गेले की घोड्याला वाटतं आपल्याला घेरलंय. इलेक्ट्रिक स्कूटरवर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांनाही हेच लागू. तुम्हाला घाई असते, कळतं. तरी दोन शब्द बोलून पुढे जा.

कुत्रा फिरवायला नेलेला असेल तर पट्टा आखूड धरा आणि घोड्याला दिसाल अशा जागी उभे राहा. झुडपामागे लपलात की घोडा झुडपालाच घाबरतो. मुलांना कडेवर घ्या, धावू देऊ नका. घोड्याला हात लावायचा असेल तर आधी विचारा, मग बाजूनं जा आणि खांद्यापाशी हात ठेवा. नाकासमोर हात नाचवू नका, मागून तर कधीच जाऊ नका.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर माझ्या जिवाला घोर असतो. पाण्याचं डबकं किती खोल आहे याचा अंदाज घोड्याला येत नाही, म्हणून तो डबक्याला वळसा घालतो आणि तो वळसा रस्त्याच्या मध्याकडे असतो. पुढे घोडा आणि त्याच्यापुढे डबकं दिसलं तर तो उजवीकडे येणार असं धरूनच चाला. गटाराची लोखंडी जाळी, चेंबरचं झाकण, गतिरोधकावरचे नवे पांढरे पट्टे, यांनाही तो असाच बगल देतो.

घोड्याजवळ छत्री उघडू नका. फट्कन उघडणाऱ्या छत्रीइतकं घोड्याला उधळवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. उघडलेली असेल तर तशीच ठेवा, मिटायचीही घाई नको. दुचाकीवरचा फडफडणारा रेनकोट बसायच्या आधी मांडीखाली दाबून घ्या.

वरातीची घोडी

ठाणे-नवी मुंबईत बहुतेकांची घोड्याशी गाठ पडते ती वरातीत. तुळशीचं लग्न लागलं की घोडीवाल्यांना उसंत नसते. एकाच संध्याकाळी ती घोडी तासन् तास उभी असते, पायाखालची जमीन डीजेनं थरथरत असते, तोंडावर मोबाइलचे फ्लॅश. तरी ती चालते, कारण तिचा सगळा भरवसा लगाम धरलेल्या माणसावर असतो.

गाडीतून वरात ओलांडायची असेल तर घोडी आणि बँड यांच्या मधल्या फटीतून घुसू नका, आणि घोडीच्या मागूनही चिकटून जाऊ नका. ती डीजेपासून मागे सरकते. घोडीवाला मान वळवून बघेल, त्यानं हात केला की जा.

वरात तुमच्याच घरची असेल तर घोडीवाल्या काकांना आधी सगळं सांगा: रस्ता कोणता, उड्डाणपूल आहे का, फटाके कुठे, ड्रोन उडणार का. बँड आधी सुरू करा आणि घोडी चालत आवाजाकडे येऊ द्या. ती शेजारी उभी असताना पहिला ठोका पडू देऊ नका. फटाके वरातीच्या पुढे, घोडीपासून लांब, आणि लावण्याआधी काकांना खूण. नवरदेवापुढे एक लहान पोर बसवायची हौस असते. घोडीनं ताण घेतलेला दिसला तर काका पोराला उतरवा म्हणतील. तेव्हा मामा-काकांनी हुज्जत घालू नये, ते जनावर त्यांना माहीत आहे.

स्वारांनो, तुमच्यासाठी

रस्ता वाटून घ्यायचा तर अर्धी जबाबदारी आपली. हनुवटीचा पट्टा लावलेलं हेल्मेट, आणि वर चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, अगदी सकाळीही. अंधार पडल्यावर रस्त्यावर घोडा काढू नका. कानात इअरफोन नको. डावीकडून, वाहतुकीच्या दिशेनं चाला. डांबरावर आणि काँक्रीटवर फक्त चाल. दुडकी आणि दौड मातीच्या मैदानावर.

दोन घोडे असतील तर मुरलेला घोडा रस्त्याच्या बाजूला, नवखा त्याच्या डावीकडे, आतल्या बाजूला. घोडा पायी धरून नेताना तुम्ही रहदारीच्या बाजूला, घोडा तुमच्या डाव्या हाताला. डावीकडे काही फडफडत असेल तर घोड्याचं तोंड किंचित उजवीकडे वळवा आणि उजवा पाय पोटाला लावून ठेवा, म्हणजे त्याची मागची बाजू रस्त्यावर येणार नाही. त्याला नेमकं त्या वस्तूकडे बघायला लावून टाचा मारल्यात तर तो रस्त्याकडेच उडी मारेल.

लगाम डाव्या हातात घेऊन उजव्या हातानं खुणा करा. हात बाजूला, तळवा खाली, वर-खाली हलवला की हळू. तळवा समोर धरला की थांबा. आणि जो थांबला त्याच्याकडे बघून हात उंचावा. मी टेम्पोत असताना एखाद्या स्वारानं असा हात केला की पुढच्या घोड्यालाही मी आपसूक जास्त जागा देते; ड्रायव्हर लोकांचं असंच असतं.

नवा घोडा घेतला असेल तर त्याला आधी रस्ता शिकवा. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडे आणले जातात, ट्रकमधून उतरतात आणि काही जण चार दिवसांत त्यांना रस्त्यावर काढतात. मला हे बघवत नाही. नंदुरबारच्या त्या माळावर त्यानं कंटेनर कुठे पाहिला असणार? आम्ही पहिल्यांदा त्याला कुंपणाच्या आत, मुरलेल्या घोड्याशेजारी उभं करतो आणि रहदारी बघू देतो. मग अंगणात बंद स्कूटर, तिला हुंगू देतो. मग चालू स्कूटर लांबून, समोरून. मग शेजारून. मागून येणारी स्कूटर सगळ्यात शेवटी, आणि चालवणारा ओळखीचा. प्रत्येक पायरीला चंदीचा, म्हणजे दाण्याच्या खुराकाचा, घास. घोडा चघळायला लागला, मान खाली गेली, की पुढची पायरी. यात किती आठवडे जातील हे घोडा ठरवतो.

कायदा आणि अपघात

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३२ मध्ये एक तरतूद आहे. जनावर सांभाळणाऱ्या माणसाला वाटलं की गाडीमुळे ते बिथरतंय किंवा बिथरून हाताबाहेर जाईल, आणि त्यानं थांबायला सांगितलं, तर ड्रायव्हरनं गाडी थांबवून गरज असेल तितका वेळ उभी ठेवायची असते. या कलमातल्या जनावरांत घोडा पहिला लिहिलेला आहे. म्हणून स्वारानं तळवा दाखवला तर ती निव्वळ विनंती समजू नका.

स्वार पडला आणि घोडा मोकळा सुटला, तर आधी माणूस. गाडी आडवी लावून मागची वाहतूक थांबवा, धोक्याचे दिवे लावा, ११२ ला फोन करा. त्याचं हेल्मेट काढू नका, मान हलवू देऊ नका. घोड्याच्या मागे गाडी किंवा बाइक घालू नका; पाठलाग झाला की तो आणखी पळतो. हात पसरून त्याच्या समोरही उभे राहू नका. मोकळा घोडा बहुधा तबेल्याकडे किंवा दुसऱ्या घोड्यांकडे जातो, म्हणून तबेल्यात फोन करून तो कुठल्या दिशेला गेला ते सांगा. थांबलेला दिसला तर बाजूनं, तिरकं, बोलत बोलत जा. बादलीत मूठभर चणे किंवा खडे टाकून खुळखुळवलेत तर बरेच घोडे स्वतःहून येतात. लगाम हाताला गुंडाळू नका, नुसता मुठीत धरा. घोडा जखमी असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री नंबर आहे. डॉक्टर येईपर्यंत घोड्याला उभं राहायचं असेल तर उभं राहू द्या, बसायचं असेल तर बसू द्या, आणि गर्दी लांब ठेवा.